घराण्यातल्या पहिल्या फौजीचे चरित्र कसे शोधावे आणि कसे लिहावे

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या असंख्य घरांत एक पूर्वज असा असतो, की ज्याने त्या घराण्यात सर्वांत आधी गावाची वेस ओलांडून पलटणीत नाव नोंदवले. त्याच्यामागून भाऊ गेले, पुतणे गेले, कोणी मुंबईच्या गिरणीत लागले, घरी मनीऑर्डर येऊ लागली आणि मुले शाळेत जाऊ लागली. घराण्याची वाट ज्याने बदलली, त्याच्याविषयी तिसऱ्या-चौथ्या पिढीला मात्र ‘पणजोबा बसऱ्याला होते’ एवढेच सांगता येते. या एका वाक्यापासून पुराव्यानिशी लिहिलेले छोटे चरित्र कसे उभे करता येते, हे येथे सांगायचे आहे. माझ्या पणजोबांसाठी हे काम करताना मी बराच काळ चुकीच्या दिशेने शोधत राहिलो. तो वेळ इतरांचा वाचावा, हा या लेखाचा हेतू आहे. उदाहरणे मुख्यतः पहिल्या महायुद्धातली आहेत, कारण त्या पिढीला पाहिलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत आणि तिथे विलंब सर्वांत महाग पडतो.

आधी पलटण ठरवा

शोधाची सुरुवात नावापासून करण्याचा मोह होतो, पण ती पलटणीपासून करावी. त्या काळी शिपायाचा क्रमांक त्याच्या पलटणीपुरताच असे. त्यामुळे तोच चार आकडी क्रमांक दुसऱ्या पलटणीतल्या दुसऱ्या माणसाचाही असू शकतो, आणि ‘गणपत’ किंवा ‘रामा’ नावाचे शिपाई तर प्रत्येक पलटणीत डझनांनी होते. पलटण, क्रमांक आणि नाव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजेच माणूस सापडतो.

हे तिन्ही तपशील बहुधा घरातच असतात. ट्रंकेत, देवघराच्या फळीवर किंवा आजीच्या पेटीत पदक असेल, तर त्याची कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी गोल पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. १९१४-१५चा तारा असेल, तर हीच माहिती त्याच्या सपाट पाठीवर मिळते. दुसऱ्या महायुद्धातली हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, सैनिकांना दिलेली पदकेही नावानिशी कोरलेली असतात. युद्धपदक चांदीचे नसून काशाचे असेल, तर पूर्वज बहुधा मजूर तुकडीत किंवा लष्कराच्या इतर कामकरी पथकांत होता असे समजावे. त्याचे चरित्र तितक्याच आदराने लिहावे, कारण रस्ते, धक्के आणि रेल्वे याच माणसांनी बांधली.

पदक चिंचेने, राखेने किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने कधीही घासू नये. दर दसऱ्याला उजळलेल्या पदकांची अक्षरे झिजून सपाट होतात आणि त्याबरोबर एकमेव पुरावा जातो. अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून छायाचित्र घेतले, किंवा कडेवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलकेच फिरवली, तर डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही उमटतात. डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचे पुस्तक सापडले, तर त्याचे लॅमिनेशन करू नये. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवून त्याची स्वच्छ प्रत तेवढी काढावी.

पलटण कळली, की तिची वंशावळ समजून घ्यावी लागते, कारण १९२२ मध्ये सर्व जुने क्रमांक बदलले. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९२२ नंतर त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या. १०३वी तिची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. ११४वी प्रशिक्षण देणारी दहावी बटालियन झाली. १७६८ साली उभी राहिलेली १०३वी म्हणजे आजही ओळखली जाणारी ‘जंगी पलटण’ आणि १०५वी म्हणजे ‘काळी पाचवी’. ११०व्या पलटणीची परंपरा पुढे पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनकडे गेली, म्हणून तिचा इतिहास केवळ बेळगावच्या मराठा केंद्रात शोधून भागत नाही. एकाच घरातल्या पणजोबांच्या पदकावर ११० आणि आजोबांच्या कागदावर ३/५ (पाचव्या मराठाची तिसरी बटालियन) असे आकडे दिसले, तर दोघे एकाच पलटणीचे होते, हे या वंशावळीवरूनच कळते.

मात्र मराठी शिपाई म्हणजे मराठा पलटणच, असे गृहीत धरू नये. खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी पथकात, मराठी माणसे मोठ्या संख्येने होती. मुंबईकडच्या १०७, १२१ आणि १२८ या पायोनियर पलटणींतही ती होती. लढणारे आणि रस्ते-खंदक करणारे अशी दोन्ही कामे या पलटणी करीत. महार समाजातील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८९०च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची भरती बंद केली आणि १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १९४१ची आहे. त्यामुळे त्या समाजातल्या पूर्वजाची सेवा १९०० ते १९१६ या काळातली सांगितली जात असेल, तर तो मजूर पथकात किंवा अन्य पथकात होता का, हे आधी तपासावे. त्याहून जुन्या काळासाठी नावातला ‘नाक’ हा प्रत्यय मोठी खूण आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही अशी नावे कोरलेली आहेत.

नाव आणि गाव यांची जुनी रूपे

लष्करी नोंदीत आडनाव बहुतेक वेळा नसते किंवा असले तरी ओळखू येत नाही. नोंद करणारा साहेब कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे, त्यामुळे शिंदे, जाधव, कदम, चव्हाण या नावांची इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा प्रकारची आढळतात. शोधण्यापूर्वी आपल्या पूर्वजाच्या नावाची सर्व संभाव्य रूपे एका कागदावर लिहून काढावीत. त्यात ‘राव’ लागलेले आणि न लागलेले नाव धरावे, आडनावाऐवजी वडिलांचे नाव आलेले रूपही धरावे.

गावाच्या बाबतीत आजचा जिल्हा विसरावा लागतो. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि त्याच वर्षी कुलाब्याचे नाव रायगड झाले. सांगली जिल्हा सातारा जिल्ह्यातून आणि आसपासच्या संस्थानांतून १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने झाला. महायुद्धाच्या नोंदीत मालवणचा शिपाई ‘रत्नागिरी’खाली आणि माणगावचा ‘कुलाबा’खाली सापडतो. गाव सावंतवाडी, भोर, जंजिरा किंवा कोल्हापूर संस्थानात असेल, तर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचे नाव असण्याची शक्यता असते.

घरातला पुरावा

कचेऱ्यांत जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसावे, आणि ती बहुधा स्त्री असते. माझ्या आजोबांच्या धाकट्या बहिणीला पलटणीचे नाव सांगता आले नाही. पण ‘बाबांनी घोडं खाल्लं नाही म्हणून ते हाडाचा सापळा होऊन आले’ हे वाक्य तिच्या आईच्या तोंडून तिने ऐकलेले होते. त्या एका वाक्याने मला पुढे कुठे नेले, ते नंतर येईलच. ‘युद्धात काय केले’ असा प्रश्न विचारला, तर पाठ झालेली वीरकथा मिळते. त्यापेक्षा ते घरी आले तेव्हा अंगावर काय होते, कोणती भांडी आणली, कोणते परके शब्द बोलत, रात्री दचकून उठत का, कोणता पदार्थ कधीच खात नसत, पैसे कशात घातले, असे विचारावे. मुलांना दारात अडवून ‘हुकुमदार’ म्हणणारा म्हातारा पहाऱ्यावरच्या शिपायाचा शब्द आयुष्यभर वापरीत होता, हे अशा गप्पांतूनच कळते. सर्व काही ध्वनिमुद्रित करावे आणि दिनांक घालून ठेवावे.

जो परत आला नाही, त्याची खूण घरातल्या धर्माचारात राहते, आणि इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पितृपक्षात शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध चतुर्दशीला करण्याची रीत आहे आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे सर्वपित्री अमावास्येला होते. एखाद्या पूर्वजाचे पान आपल्या घरी चतुर्दशीलाच वाढले जात असेल, तर त्यामागे लढाईतले मरण असू शकते. ठरावीक तिथी पाळली जात असेल, तर मृत्यूची तार किंवा पत्र घरी पोचले होते असा तर्क करता येतो. ती तिथी जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारखेत बदलून लष्करी नोंदीशी ताडून पाहावी. शके साल दिले असेल, तर त्यात ७८ (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीसाठी ७९) मिळवावेत. देवघरातल्या टाकांपैकी एखादा ‘वीर’ म्हणून पूजला जात असेल, तर तो कोणाचा हेही विचारून ठेवावे. अर्थात या खुणा म्हणजे केवळ दिशा आहेत. कागदाचा आधार मिळेपर्यंत त्यांना पुरावा म्हणू नये.

दप्तरे

वंशावळ पक्की करण्यासाठी नाशिक-त्र्यंबक आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या अमोल आहेत. पलटणीतून सुटून आलेला माणूस यात्रेला गेला असेल, तर स्वतःचे, भावांचे आणि मुलांचे नाव त्याने तिथे सांगितलेले असते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर फिरून पिढ्या वाचून दाखवतात. त्यांच्या पोथीतली नावे उतरवून घ्यावीत.

महसुली आणि शाळेच्या कागदांत तीन गोष्टी पाहाव्यात. गाव नमुना १४ म्हणजे कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंदवही, फेरफार नोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. फेरफारावरून पूर्वजाने कोणत्या वर्षी जमीन घेतली किंवा सावकाराकडून सोडवली ते कळते. १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये पगार होता, त्यामुळे ती जमीन पगारातून आली की पेन्शनीतून की आणखी कशातून, हा प्रश्न चरित्रात महत्त्वाचा ठरतो. जुनी पाने बहुतेक मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणाऱ्याची मदत घ्यावी किंवा स्वतः शिकावे. एका घराण्याच्या कागदांपुरती मोडी चार-सहा महिन्यांच्या चिकाटीने वाचता येते. एका कचेरीत मला तीन वेळा ‘रजिस्टर वाळवीने खाल्ले’ असे सांगण्यात आले आणि चौथ्या खेपेला तेच रजिस्टर दुसऱ्या खोलीत मिळाले, म्हणून पहिल्या नकारावर परत फिरू नये. सोबत लेखी अर्ज असावा आणि त्यावर पोच घ्यावी.

लष्करी बाजूला मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. अर्जात क्रमांक, हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, जुन्या जिल्ह्यासह गाव, सेवेचा अंदाजे काळ आणि आपले नाते लिहावे. सेवापुस्तके ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात, त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाचे पुस्तक मिळण्याची आशा फार धरू नये. पेन्शन घेतलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बाबतीत शक्यता अधिक असते, आणि तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या जुन्या फायलीही विचारून पाहाव्यात.

गावातला दगड पाहायला विसरू नये. महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, ज्यांवर त्या गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि किती परतली नाहीत एवढेच लिहिलेले आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांचे स्मारक तिथे आहे. आपल्या गावची पाटी चावडीच्या चुन्याखाली, देवळाच्या भिंतीत किंवा शाळेच्या पायरीला बसवलेली असू शकते. पाटीवर नावे नसतात, पण आकडा असतो, आणि त्या आकड्यातली माणसे कोणकोणती हे गावातल्या घराघरांतून जुळवणे हे फार मोलाचे काम आहे.

पलटणीच्या मागोमाग

साध्या शिपायाचे नाव रोजच्या लष्करी नोंदीत जवळजवळ कधीच येत नाही. म्हणून त्याची पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते पाहायचे आणि तिच्यासोबत त्याला चालवायचे, हाच मार्ग उरतो. प्रत्येक पलटण युद्धकाळात ‘वॉर डायरी’, म्हणजे आपल्या रोजच्या हालचालींची नोंदवही, लिहीत असे. या डायऱ्या लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही युद्धकाळातली कागदपत्रे आहेत आणि त्यांपैकी बरीच ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सेन्सॉरने उघडून पाहिलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे इंग्रजी उतारे आहेत, त्यांत मराठी पत्रांचेही आहेत. आपल्या पूर्वजाचे पत्र मिळाले नाही, तरी त्याच्यासारखा शिपाई घरी काय लिहीत होता ते त्यातून कळते.

आमच्या घरात पणजोबा ‘फ्रान्सला जर्मनांशी लढले’ असे ठामपणे सांगितले जाई, आणि त्यामुळे मी कित्येक महिने फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकाची यादी चाळत होतो. पदकाच्या कडेवर मात्र ११०वी मराठा असे निघाले, आणि ती पलटण फ्रान्सला नव्हे तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला त्यांची मोठी हानी झाली, सैन्य माघारी टायग्रिस नदीकाठच्या कूत गावात आले, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकले. धान्य संपत आल्यावर घोडे आणि खेचरे कापण्यात आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्मामुळे ते मांस खाण्यास नकार दिला, आणि हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तशी मुभा आणवल्यानंतरही पुष्कळ जण शेवटच्या दिवसांपर्यंत त्याला शिवले नाहीत. उपासमारीने आणि स्कर्व्हीच्या रोगाने माणसे झिजली. शरणागतीनंतर शिपायांना पायी बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत नेण्यात आले, जिथे अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपले. आजीच्या त्या वाक्यातले घोडे कुठले होते, हे मला त्या पानांवर कळले, आणि त्या दिवशी मला पुढे काही वाचवले नाही.

घरातली कथा स्थळाच्या बाबतीत चुकीची निघाली, पण तिच्यातला गाभा खरा होता. बहुतेक घरांत असेच घडते, म्हणून कथा फेकून देऊ नये आणि जशीच्या तशी स्वीकारूही नये. येथे एक सावधगिरी घ्यावी. पलटण एका आघाडीवर असताना तिच्यातले काही शिपाई दुसऱ्या पलटणीची तूट भरून काढण्यासाठी अन्यत्र पाठवले जात, म्हणून पलटणीचा ठावठिकाणा म्हणजे माणसाचा ठावठिकाणा अशी खात्री फक्त क्रमांकासह आलेल्या नोंदीवरूनच होते. दुसऱ्या महायुद्धासाठीही हीच रीत लागू पडते. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला होती, तर तिसरी बटालियन इटलीत, जिथे १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लिहिताना

सामग्री जमली, की ती तीन ढिगांत वाटावी. कागदावर असलेले एका ढिगात, घरच्यांनी सांगितलेले दुसऱ्यात आणि आपण तर्काने जोडलेले तिसऱ्यात. लेखनातही हा भेद वाचकाला दिसला पाहिजे. ‘पदकावर असे आहे’, ‘आत्याआजी असे सांगत’, ‘यावरून असे वाटते’ अशी वाक्ये लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही. ज्या वर्षांविषयी काहीच मिळाले नाही, ती वर्षे कोरी ठेवावीत. पूर्वजाच्या तोंडी आपण रचलेले संवाद घालणे मला अजिबात मान्य नाही, कारण दोन पिढ्यांनंतर तेच संवाद घराण्याचा इतिहास होऊन बसतात.

चरित्राचा अर्धा भाग तरी युद्धाबाहेरचा असावा. भरतीपूर्वी घरची जमीन किती होती, प्लेग आणि दुष्काळाच्या वर्षांत कुटुंबातली किती माणसे गेली, भरती स्वखुशीची होती की भरतीवाल्यांच्या दडपणाची, हे शोधावे. मागे राहिलेल्या पणजीने शेत कसे राखले, याला स्वतंत्र प्रकरण द्यावे. १९१८ च्या एन्फ्लुएंझाच्या साथीने गावेच्या गावे ओस केली, त्यामुळे परत आलेल्या शिपायाला घरी कोण भेटले, हे गाव नमुना १४ मध्ये अवश्य पाहावे. आमच्या पणजोबांची दोन मुले त्या ऑक्टोबरात गेली होती. हे घरात कोणी कधी बोलले नव्हते आणि मला ते मोडीतल्या दोन ओळींवरून कळले.

जो परतला नाही, त्याचे नाव कुठे कोरले आहे ते शोधून चरित्राला जोडावे. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि क्रमांकाने शोध घेता येतो. हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा वडिलांचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. मेसोपोटेमियात पडलेल्यांची नावे बसरा स्मारकाखाली मिळतात. मात्र त्या स्मारकाच्या भिंतींवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि शिपायांची नावे वहीतच राहिली. स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटर दूर हलवण्यात आले आहे. २०२१ च्या अहवालात आयोगाने स्वतःच मान्य केले, की पहिल्या महायुद्धातल्या निदान १ लाख १६ हजार सैनिकांचे, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या, नावाने स्मरण झालेलेच नाही. तुमच्या पूर्वजाचे नाव यादीत नसेल, किंवा चुकीचे लिहिले असेल, तर पदकाच्या कडेचे छायाचित्र, मृत्यूची नोंद, पेन्शनचा कागद आणि वंशावळ जोडून आयोगाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जात नाव त्याच्या घरी ज्या रूपात उच्चारले जाई त्याच रूपात लिहावे, जुन्या चुकीच्या स्पेलिंगचा वेगळा उल्लेख करावा आणि गावाचा आजचा जिल्हा जुन्या जिल्ह्याबरोबर द्यावा.